ओव्हरराइट झालेली वर्ड फाइल परत मिळाली

सोसायटीच्या वार्षिक अहवालाच्या फाइलवरच भाच्यानं दुसरं पत्र टाइप करून सेव्ह केलं. वर्ड बंद झालेलं, म्हणजे कंट्रोल-झेडचा मार्ग संपला (फाइल उघडी असती तर सेव्हनंतरही मागे जाता आलं असतं). रिसायकल बिनमध्ये शोधू नका, ओव्हरराइट झालेला मजकूर तिथे जात नाही.

फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’. आदल्या संध्याकाळची प्रत दिसली आणि जिवात जीव आला! थेट ‘रिस्टोअर’ दाबलं की आताची फाइल जाते. म्हणून आधी ‘ओपन’ करून हिशेबाचे तक्ते तपासले, मग प्रत वेगळ्या नावानं ठेवली. पत्रही शाबूत राहिलं.

ही यादी दिसायला विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ (फाइलींच्या जुन्या प्रती दुसऱ्या डिस्कवर आपोआप जपणारी सोय) किंवा रिस्टोअर पॉइंट (विंडोजनं ठरावीक वेळी टिपून ठेवलेली आधीची स्थिती) आधीपासून चालू हवेत. माझ्याकडे फाइल हिस्टरीसाठी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती.