कोल्हापुरात घरचं खत आणि गच्चीवरची भाजी : बादलीच्या आधी पाचट

घरी खत करायचं ठरलं की बहुतेक जण आधी बादली आणतात नाहीतर ऑनलाइन महागडा कंपोस्टर मागवतात, लगेच ओला कचरा टाकायला सुरुवात होते आणि आठदहा दिवसांनी वास सुटला की घरातले ओरडतात आणि सगळं बंद. तर माझं सांगणं एकच आहे, बादलीच्या आधी सुकं, म्हणजे वाळलेली पानं, पाचट असला कोरडा माल गोळा करा. ओला कचरा रोज घरात होतोच, त्याची काळजी नको, पण सुकं ऐनवेळी मिळत नाही आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर तर वाळलेलं पान सुद्धा हाताला लागत नाही.

आता कोल्हापुरात राहून सुकं मिळत नाही असं कुणी म्हणायचंच नाही बघा. वडणगे, शिंगणापूर, कळंबा कुठंही जावा, ऊस तुटला की शेतात पाचट (उसाची वाळलेली पानं) पडलेलं असतंय आणि अजून कितीतरी ठिकाणी ते सरळ पेटवून देतात. शेतकऱ्याला विचारून दोनचार पोती भरून आणा, कुणी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडं चिपाडाचा ढीग असतो, ते पण चालतंय, फक्त त्यात गोडवा राहिलेला असतो म्हणून मुंग्या येतात, दोनतीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवायचं आणि मग कोयत्यानं बारीक करून पोत्यात भरायचं. पाचट पण बोटभर लांबीचे तुकडे करूनच वापरा, अख्खं टाकलं तर कुजायला फार वेळ लावतंय. हे जमणार नसेल तर झाडाखालचा पालापाचोळा, नारळाची शेंडी, सुताराकडचा लाकडाचा भुसा (प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि केमिकल असतात), कोकोपीट काहीही चालेल. मे महिन्यात दोन पोती कोरडं भरून जिन्याखाली ठेवलं की पावसाळा निघून जातो.

सुक्याला एवढं महत्त्व का, तर कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण 25-30 ला 1 या प्रमाणात लागतात. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर, पाचटात नेमकं उलटं, तिथं कार्बन 100 ला 1 च्या आसपास जातो. दोन्ही मिसळलं की जमतंय. शिवाय सुक्यामुळं मधे हवा खेळती राहते, आणि हवा असली की वास येत नाही. घरचं माप सोपं ठेवा, एक वाटी ओलं तर दोन वाट्या सुकं, वजनानं नव्हे तर वाटीनं मोजून.

बादली म्हणजे रंगाची 20 लिटरची मोकळी बादली घ्या, रंगकाम करणाऱ्यांकडं स्वस्तात मिळते. तापवलेल्या सळीनं किंवा ड्रिलनं चारी बाजूला आणि तळाला भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनं ताट. तळाला चार बोटं सुक्याचा थर, त्यावर शेणकाला. शेण कुठल्याही म्हशीच्या गोठ्यावर मिळेल, मूठभर शेण, वाटीभर आंबट ताक, चिमूटभर गूळ थोड्या पाण्यात कालवून शिंपडलं की विरजण लागलं. मग रोजचं ओलं बारीक चिरून टाकायचं आणि लगेच वरून सुकं, ओलं कधीच उघडं ठेवायचं नाही, हा नियम पाळला तर चिलटं सुद्धा येत नाहीत. तीनचार दिवसातून एकदा काठीनं खालीवर करा. एक बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा, म्हणून बादल्या निदान दोन, तीन असतील तर उत्तम.

चहाचा चोथा धुवून टाका म्हणजे साखर निघून जाते. अंड्याची टरफलं चुरून. निर्माल्य चालतंय पण दोरा, जरी, प्लास्टिक काढून. बुधवार रविवारच्या मटणाची हाडं, तांबड्या रश्श्याची तेलकट तर्री, उरलेलं दूध हे सगळं बाहेर ठेवायचं, त्यानं उंदीर आणि मांजरं येतात. बी धरलेलं तण पण टाकू नका, एवढ्याशा बादलीत मोठ्या ढिगासारखी 55-60 डिग्री उष्णता तयार होत नाही त्यामुळं बिया मरत नाहीत. खत घातल्यावर कुंडीत टोमॅटोची रोपं आपोआप येतात ती यामुळंच.

ओल किती हवी हे हातानं बघा. मूठभर घेऊन घट्ट दाबलं की बोटात ओल जाणवली पाहिजे आणि फारतर एखादा थेंब पडावा, धार लागली तर जास्त ओलं झालं. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी, डोळ्यात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, दोन्हीला औषध एकच, सुकं घाला आणि हलवा. पांढरी बुरशी दिसली तर चांगलं चाललंय. जाड राखाडी अळ्या झाल्या तर घाबरून ओतून देऊ नका, त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा झपाट्यानं खातात आणि झाडाला त्रास देत नाहीत, फक्त सुकं वाढवा. ताटात काळं पाणी उतरलं तर ते पालेभाजीला घालू नका, दहापट पाणी मिसळून मोठ्या झाडाच्या बुडात द्या. साधारण दोन ते तीन महिन्यात काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार होतं, ते चाळून घ्या आणि वरचा चाळ परत नव्या बादलीत.

आता भाजीकडं. गच्चीवर नुसती माती भरायची नाही, ओली माती एक घनमीटरला दीड टनाच्या पुढं जाते आणि स्लॅबवर तेवढं ओझं कशाला. आपल्या कोल्हापूरचेच श्री. अ. दाभोळकर, शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांची ‘प्रयोग परिवार’ ही चळवळ उभी करणारे, त्यांनी पालापाचोळा आणि चिपाडावर कमी मातीत शहरातल्या घरी भाजी पिकवायची वाट लोकांना दाखवली, ती आजही तितकीच उपयोगी आहे. कुंडीत निम्मं अर्धवट कुजलेलं पाचट, पाव भाग खत, पाव भाग माती. कच्चं पाचट थेट भरून रोप लावलं तर कुजताना ते मातीतला नायट्रोजन ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात, म्हणून शेणकाला शिंपडून महिनाभर ओलं राखून मगच वापरा. खोली पालेभाजीला 6-8 इंच, मिरची वांगी टोमॅटोला 12, वेलाला 15 च्या वर. ऊन फळभाजीला निदान 5-6 तास पाहिजेच, पालेभाजी 3-4 तासात निभावते.

हंगाम मात्र आपला आपणच धरायचा, पाकिटावरचा नाही. मृगाच्या आधी दोडका, कारलं, घेवडा लावून घ्या, मांडव आधी बांधा कारण पावसात वारा पण असतोय. मेथी पालक आपल्या जुलैच्या संततधारेत उघड्यावर सडतात, ती गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर. टोमॅटोची रोपं दसऱ्याच्या सुमाराला. मार्चपासून भेंडी, गवार, चवळी, आणि तेव्हा प्रत्येक कुंडीवर दोन इंच पाचटाचं आच्छादन टाका, पाणी निम्म्यावर येतं. कोथिंबिरीचे धने चपलेनं रगडून दोन करायचे आणि रात्रभर भिजवून पेरायचे. मेथी 25-30 दिवसात काढायला येते म्हणून नवीन माणसानं तिच्यापासूनच सुरुवात करावी, हुरूप टिकतो.

खत पंधरा दिवसाला एका 12 इंची कुंडीला दोन मुठी, बुडापासून जरा लांब. जीवामृत (झाडाला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) करायचं असेल तर 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं, तीनचार दिवसानं गाळून दहापट पाण्यात. मावा (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) आला तर निंबोळी तेल 5 मिली आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब एक लिटरमध्ये, संध्याकाळी, पानाच्या खालून. दोडका कारल्याला फळमाशी डंख मारते, फळ बोटभर असतानाच कागदी पिशवी बांधा.

देशी वाणाचा एक दोडका आणि दोन भेंड्या वेलावर झाडावर पूर्ण वाळू द्या, बी काढून राख चोळून बाटलीत ठेवा, वर नाव आणि महिना लिहा. पाकिटावर एफ वन (F1, म्हणजे संकरित वाण) लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही.