ट्रान्स फॅट आणि कोलेस्टेरॉल: पाकिटावरचं शून्य आणि रिपोर्टमधली बेरीज कशी तपासावी

पाकिटावर ‘ट्रान्स फॅट ०’ दिसलं की आपण निर्धास्त होतो. रक्ततपासणीत एकूण कोलेस्टेरॉल मर्यादेत आलं की आणखी निर्धास्त. हे दोन्ही आकडे खोटे नसतात, पण ट्रान्स फॅटच्या बाबतीत दोन्ही अपुरे पडतात.

पायरी १: आधी नुकसान कुठे होतं ते समजून घ्या

द्रवरूप वनस्पती तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळला की ते घट्ट होतं आणि जास्त काळ टिकतं. याच प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. लोणी-तुपात असते त्या संपृक्त चरबीने एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढतं, पण सोबत एचडीएलही (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं. ट्रान्स फॅट मात्र एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं. मेन्सिंक आणि कटान या संशोधकांनी नेदरलँड्समध्ये निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळा आहार देऊन हे १९९० साली दाखवून दिलं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एलडीएलकडे वळवणारं सीईटीपी नावाचं प्रथिन अशा आहारात जास्त सक्रिय होतं, हे त्यामागचं एक कारण.

पायरी २: पाकीट उलटं करा

पुढची बाजू सोडा, मागची घटकांची यादी वाचा. ‘अंशतः हायड्रोजनीकृत वनस्पती तेल’ असे शब्द दिसले की त्यात ट्रान्स फॅट आहेच, शून्य लिहिलेलं असलं तरी. अमेरिकेच्या नियमात एका सर्व्हिंगमध्ये (पाकिटावर एका वेळचं खाणं म्हणून धरलेल्या भागात) ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापता येतं. समजा एका सर्व्हिंगमध्ये ०.४ ग्रॅम आहे आणि दिवसभरात तुम्ही चार सर्व्हिंग खाल्ल्या, तर १.६ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २.२ ग्रॅमहून कमी आहे. म्हणून सर्व्हिंग किती ग्रॅमची धरली आहे तेही बघाच. ती बहुधा आपल्या खाण्यापेक्षा लहान असते.

बिस्किटं, पेस्ट्री, केकवरचं क्रीम, पाकीटबंद पॉपकॉर्न, घट्ट मार्गारिन आणि तळलेले तयार पदार्थ यांपासून सुरुवात करा. ‘पूर्ण हायड्रोजनीकृत’ लिहिलं असेल तर ट्रान्स फॅट जवळपास नसतं, पण संपृक्त चरबी भरपूर असते. दूध आणि मांसात ट्रान्स फॅट निसर्गतः थोडं असतंच.

पायरी ३: काढलं त्या जागी काय येतं ते ठरवा

इथे बरेच जण चुकतात. घट्ट वनस्पती तूप बंद करून तितकंच लोणी वापरलं तर एलडीएल फारसं हलणार नाही. असंपृक्त चरबीची द्रवरूप तेलं वापरा, सुकामेवा खा. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

पायरी ४: रिपोर्टमध्ये बेरीज नाही, फोड बघा

एक कल्पित उदाहरण घेऊ. एलडीएल १२०, एचडीएल ५० आणि एकूण २०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर (उरलेलं ३० इतर प्रकारचं). काही काळाने एलडीएल १२६ झालं, एचडीएल ४४ वर आलं. एकूण पुन्हा २००च! बेरीज पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. आता एकूणमधून एचडीएल वजा करा: आधी १५० होते, आता १५६. एकूण भागिले एचडीएल हे गुणोत्तर ४ वरून साधारण ४.५ वर गेलं. हे दोन आकडे प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा, फार उपयोगी पडतात.

पायरी ५: पुन्हा तपासा

आहारातला बदल दोन-तीन महिने नेटाने पाळा, मग शक्यतो त्याच प्रयोगशाळेत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची हीच रक्ततपासणी) करा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आकडे सुधारले म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नका. जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा.