ब्राउझर बसला तर आधी अनइन्स्टॉल करू नका

खानापुरात स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन आणि पावसाळ्यात कसाबसा जीव धरून राहणारा यूपीएस. जातीचा-उत्पन्नाचा दाखला, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवरचा जमिनीचा उतारा, त्यांच्याच 'सेवासिंधू' साइटवरचे अर्ज. कुणाची जमीन पलीकडं चंदगड तालुक्यात असली तर महाराष्ट्राचा सातबारासुद्धा. हे सगळं चालतं ब्राउझरवर. तो बसला की दुकान बसलं.

तीन वर्षांमागं तो असाच बसला. रात्री अपडेट झालं आणि सकाळी उघडला तर नुसती पांढरी खिडकी. समोर जांबोटीकडचे एक मामा, सोसायटीत कर्जासाठी उतारा द्यायचा होता त्यांना.

"का ओ अक्का, बंद पडलंय?"

"होय की मामा, जरा बसा."

"बसतो की. पर दोनची गाडी हाय."

मी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, अनइन्स्टॉल कर आणि परत टाक. दोन मिनिटांचं काम." काढताना कॉम्प्युटरनं विचारलं, ब्राउझिंग डेटाही काढू का? मला वाटलं, घाण निघतेच आहे तर सगळीच निघू दे. चौकटीत खूण केली. ब्राउझर कोरा करकरीत परत आला आणि आठ वर्षं जमवलेले बुकमार्क गेले. कुठला फॉर्म कुठल्या पानावर, कुठल्या खात्याचा जुना पत्ता चालतो आणि नवा चालत नाही, सगळं त्यात होतं. वर कहर म्हणजे पांढरी खिडकी तशीच! बिघाड होता एका बटणात, ते पुढं सांगते. मामांची दोनची गाडी गेली ती गेलीच.

तेव्हापासून हा विषय मी धरून बसले. आता आजूबाजूचे दुकानवालेही मला विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. यात विंडोज धरलेलं आहे, कारण आमच्याकडं तेच आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. ब्राउझर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात. एक प्रोग्रॅम, दुसरं प्रोफाइल. प्रोग्रॅम ही भाड्याची खोली आणि प्रोफाइल ही खोलीतली तुमची ट्रंक. बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री, एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम), प्रत्येक साइटला दिलेल्या परवानग्या, सगळं ट्रंकेत. अपडेट म्हणजे घरमालकानं खोलीला चुना मारणं. चुना मारताना ट्रंक हलते, कधी कुलूप अडकतं, कधी ती कोपऱ्यात सरकवली जाते आणि आपल्याला वाटतं चोरीला गेली. खोली सोडून परत तीच खोली घेतली तर ट्रंकेचं अडकलेलं कुलूप निघत नाही. म्हणून अनइन्स्टॉल शेवटी.

सगळ्यात आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. हसू नका. अपडेट बरेचदा मागच्या मागं उतरलेलं असतं आणि ब्राउझर पूर्ण बंद होऊन उघडेपर्यंत लागू होत नाही. फुली मारली तरी त्याचे तुकडे मागं चालू राहतात. आणि 'शट डाऊन' नको, 'रीस्टार्ट'च. विंडोज १० आणि ११मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर मशीन पुरतं झोपत नाही, आतली बरीच अवस्था जपून ठेवतं. रीस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून उघडतो. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथंच मिटतात, आणि मग चहाचे पैसेसुद्धा मिळत नाहीत.

नाही मिटलं तर करंट गेल्यावर आपण काय करतो ते करा. दारात येऊन बघतो ना, आपल्याच घरात अंधार आहे की सगळ्या गल्लीत? तीच साइट मोबाइलवर, वायफाय बंद करून, डेटावर उघडा. तिथंही उघडत नसेल तर दोष साइटचा आहे, ब्राउझरला हात लावू नका. मग कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा; विंडोजबरोबर एज आलेलाच असतो. एजमध्ये चालतंय आणि तुमच्यात नाही, मग दोष तुमच्या खोलीत. दोन्हीकडं 'कनेक्शन सुरक्षित नाही' असंच येत असेल तर उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आमच्याकडं पावसाळ्यात करंट येतो-जातो. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही रुपयाच्या नाण्याएवढी सेल मेलेली असली की तारीख कितीतरी वर्षं मागं जाते. साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं आणि तो दार उघडत नाही. अपडेट बिचारं नुसतं त्याच दिवशी आलेलं असतं. सेल बदला, तारीख लावा, झालं. तारीख बरोबर असूनही सगळ्या साइटवर तीच बोंब असेल तर अँटिव्हायरसमधली सुरक्षित पानं तपासणारी सोय थोडा वेळ बंद करून बघा. दोष तिथला निघाला तर अँटिव्हायरस अपडेट करा आणि सोय परत चालू करा.

आता खोलीच्या आत. खासगी खिडकी उघडा: क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. या खिडकीत जुन्या कुकी (तुम्हाला ओळखण्यासाठी साइटनं ठेवलेल्या बारीक नोंदी) नसतात आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशनही चालत नाहीत. इथं साइट नीट उघडली म्हणजे गुन्हेगार त्या दोघांतला एक. आधी फक्त त्या साइटच्या कुकी काढा. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली की तिथंच सोय असते. सगळ्या कुकी पुसल्या तर दहा ठिकाणी परत लॉगिन आणि दहा ओटीपी. त्यानं भागलं नाही तर एक्स्टेंशन सगळी बंद करून एकेक चालू करत जा. जुनं असेल तर ते कायमचंच गेलेलं असू शकतं: मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन क्रोमनं २०२५मध्ये बंद केली, जाहिराती अडवणारी कैक त्यात गेली. तिथं दुरुस्ती नाही, बदली शोधायची.

बंद करा म्हणतेय, काढून टाका म्हणत नाही. ४ मे २०१९ला फायरफॉक्सची एक्स्टेंशन जगभर एकदम बंद पडली होती, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळं. तेव्हा मोझिलानं लोकांना हेच सांगितलं होतं की एक्स्टेंशन काढून परत टाकू नका, काढलं की त्यात साठवलेलं सगळं जातं. दुरुस्ती त्यांच्याकडूनच आली. ज्यांनी घाई केली त्यांचंच नुकसान झालं.

फायरफॉक्ससाठी आणखी एक चांगली युक्ती आहे. शिफ्ट दाबून धरून त्याच्या चिन्हावर डबल क्लिक करा, तो ट्रबलशूट मोडमध्ये उघडायचं का विचारेल. त्यात एक्स्टेंशन, थीम आणि ग्राफिक्सचा वेग वाढवणारी सोय तेवढ्यापुरती बंद असते. इथं चाललं म्हणजे बहुतेक त्या तिघांत काहीतरी आहे.

आणि माझी पांढरी खिडकी? ती याच ग्राफिक्सच्या सोयीची करामत. पान रंगवायचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडं सोपवतो. चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्रॅम) जुना आणि ब्राउझर नवा, दोघांचं पटत नाही. खिडकी पांढरी, काळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची दिसते. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण आहे, ते बंद करून ब्राउझर परत उघडायचा. पण खिडकीच पांढरी असेल तर बटण दिसणार कसं? डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवी टिचकी मारा, प्रॉपर्टीज उघडा, 'टार्गेट'च्या ओळीत अगदी शेवटी, अवतरण चिन्ह असेल तर त्याच्या बाहेर, एक जागा सोडून दोन आडव्या रेघा, डिसेबल, एक आडवी रेघ, जीपीयू असं इंग्रजीत लिहा. मधे कुठं जागा सोडायची नाही. ब्राउझर उघडेल. मग बटण बंद करा, लिहिलेलं पुसा, आणि सवडीनं ड्रायव्हर नवा टाकून बटण परत चालू करून बघा. एवढंच काम होतं त्या दिवशी.

अपडेटनंतर ब्राउझर नीट उघडतो पण बुकमार्क-पासवर्ड सगळं गायब, असं झालं तर रडू नका, ट्रंक कोपऱ्यात असते. २०१९च्या फायरफॉक्स ६७पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं. त्यामुळं दुसऱ्या जागी परत इन्स्टॉल केलं की तो नवी रिकामी ट्रंक घेऊन बसतो. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं लिहा. यादी येईल, तिच्यातलं जुनं प्रोफाइल उघडून बघा आणि तेच डिफॉल्ट करा. नुसते बुकमार्क गेले असतील तर कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून येणाऱ्या खिडकीत बॅकअप आणि 'रिस्टोर' आहे. फायरफॉक्स तारखेवार जुन्या प्रती आपणहून ठेवतो. हे मला त्या भाच्यानं कधी सांगितलं नव्हतं.

यापुढं काहीही करायच्या आधी ट्रंकेची नक्कल काढा. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, सपोर्ट लिहिलं की 'प्रोफाइल फोल्डर' आणि त्याच्यापुढं फोल्डर उघडायचं बटण दिसतं. क्रोममध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, व्हर्जन लिहिलं की 'प्रोफाइल पाथ'ची ओळ येते. ब्राउझर बंद करून तो अख्खा फोल्डर दुसऱ्या जागी कॉपी करा. दोघांत एक फरक आहे. फायरफॉक्सचे पासवर्ड दोन फाइलींत असतात, एकीत कुलूपबंद मजकूर आणि दुसरीत किल्ली. अर्धी नक्कल काढली तर उपयोग शून्य. पण अख्खी नक्कल कुणाच्या हाती लागली आणि प्रायमरी पासवर्ड लावलेला नसला तर त्याला सगळे पासवर्ड वाचता येतात. तो पेनड्राइव्ह कपाटातच ठेवा. क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात, फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेला तर बुकमार्क मिळतील, पासवर्ड नाही. (दुकानवाल्यांसाठी: गिऱ्हाइकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवूच नका. विचारलं की 'नेव्हर' म्हणा.)

नक्कल हातात आली की धीट व्हायला हरकत नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज रीसेट करा: बुकमार्क, हिस्ट्री, पासवर्ड राहतात, एक्स्टेंशन बंद होतात, कुकी जातात. फायरफॉक्समध्ये 'रिफ्रेश'चं बटण त्याच सपोर्टच्या पानावर आहे. त्यात एक्स्टेंशन जातात आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरात पडतो. एवढ्यानंही नाही झालं तर नवं प्रोफाइल बनवा. नव्यातही तोच बिघाड असेल तरच प्रोग्रॅम बिघडलाय म्हणायचं आणि तेव्हा अनइन्स्टॉल, त्या चौकटीत खूण न करता.

जुनी आवृत्ती शोधून टाकावी असं मनात येतं, माझ्याही आलं होतं. पण नव्या आवृत्तीनं एकदा उघडलेली ट्रंक जुना फायरफॉक्स उघडत नाही, नवं प्रोफाइल बनवायला सांगतो. शिवाय जुन्यातली सुरक्षेची भोकं बुजलेली नसतात. विंडोज ७वर मात्र इलाज नाही. तिथं क्रोम १०९वर थांबला, २०२३मध्ये, आणि फायरफॉक्स ११५च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर. 'अपडेट होईना' म्हणून कुणी असं मशीन आणलं की मी ब्राउझर बघतच नाही.

अंगठ्याच्या मशीनचं वेगळं. गेल्या हंगामात एक दिवस सगळं चालू, फक्त मशीन साइटला दिसेना. तार बदलली, पोर्ट बदललं. आधारच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन आणि साइट यांना जोडणारा प्रोग्रॅम, आपल्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी (तारेचं नव्हे, आतल्या नंबरांच्या दारांपैकी) एकावर बसलेली असते आणि साइट तिच्याशी तिथंच बोलते. २०२५च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२पासून असं बोलायच्या आधी ब्राउझर तुमची परवानगी विचारतो. मी समोरच्या आजींचा अंगठा पुसण्यात गुंतले होते, खिडकी आली आणि 'ब्लॉक' दाबलं. चूक माझीच. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन साइट सेटिंग्जमध्ये लोकल नेटवर्कच्या किंवा कॉम्प्युटरवरच्या ॲप्सच्या, जी दिसेल त्या परवानगीला 'अलाऊ' करा आणि पान परत उघडा.

रीसेट किंवा नवं प्रोफाइल झाल्यावर आमच्या भागात दोन गोष्टी लगेच कराव्या लागतात. कन्नड पान उघडलं की ब्राउझर भाषांतर करू का विचारतो. 'नेहमी करा' म्हणू नका. भाषांतर पानाच्या आतली रचनाच बदलतं, मग कुठं बटण दाबलं जात नाही, कुठं गावाचं नावच दुसरं होऊन बसतं. अर्ज कन्नडमध्येच भरायचा. वाचता येत नसेल तर मोबाइलवर तेच पान भाषांतर करून शेजारी ठेवा. दुसरं पॉपअप. जुनी परवानगी पुसलेली असते, त्यामुळं वेगळ्या खिडकीत उघडणारा उतारा उघडतच नाही. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडं बारीक फुलीचं चिन्ह येतं, तिथं त्या साइटला कायमची परवानगी द्या. ते चिन्ह न बघता मी एकदा पुन्हा रीस्टार्टपासून सुरुवात केली होती.