रस्त्याचं पाणी खळ्यात येतंय? 'योग्य ती कार्यवाही' लिहू नका

एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी 11 वर्षं काढली. 'रस्त्याचे पाणी घरात शिरते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असे अर्ज ढिगाने नोंदवले. निवृत्त झाले आणि तोच अर्ज करायची पाळी माझ्यावर आली. दर डांबरीकरणाला रस्ता एकेक थर चढत गेला, आमचं खळं, म्हणजे दारापुढचं अंगण, खाली राहिलं. खातं कोणतं ते सांगत नाही. त्याच लोकांकडे पुन्हा जायचंय.

'योग्य ती कार्यवाही' खोडा. पाणी कुठून येतं, किती येतं आणि कुठे न्यायचं, हे लिहा.

कुठून, यासाठी भर पावसात छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी डांबर सोडतं तिथून व्हिडिओ सुरू करा आणि मध्ये न थांबवता दारापर्यंत चालत या. उघडीप मिळाली की गवंड्याकडची पाणी भरायची पारदर्शक नळी आणून रस्ता ओट्यापेक्षा किती वर गेलाय ते मोजा. आमच्याकडे 34 सेंटीमीटर निघाले. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता ठेवतात, आणि आमचं घर नेमकं आतल्या बाजूला.

कितीचा हिशेब शाळेतला आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. रस्ता 6 मीटर रुंद, आमच्याकडे उतरणारी लांबी 100 मीटर. 25 मिलिमीटरची एक सर आली की 15,000 लिटर. एप्रिलात एका टँकरसाठी आम्ही फोन करून थकतो आणि जुलैत दीड टँकर फुकट दारात! हा आकडा अर्जात घातला, तेव्हा कुठे साहेबांनी कागद उलटून पाहिला.

सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कुठे न्यायचं. माझ्या टेबलावरून गेलेले बहुतेक अर्ज इथेच अडायचे, कारण एकाच्या दारातलं पाणी वळवलं की दुसरा अर्ज घेऊन हजर. म्हणून वाट तुम्हीच शोधा. आमच्यापासून चाळीसेक पावलांवर पऱ्या (लहान ओहोळ) आहे, त्याआधी पाणी वाहून नेणारी, पण गाळाने बुजलेली मोरी. मधल्या गडग्याकडेने (दगडी कुंपणाच्या कडेने) गटार न्यायला शेजारच्या भावोजींची लेखी संमती घेतली (दोनदा चहा आणि एक फणस लागला) आणि हाताने काढलेला नकाशा जोडला.

पाहणीला कनिष्ठ अभियंता आले आणि आमच्याच फाटकाकडे बोट दाखवलं. गाडी आत घ्यायला आमच्या ह्यांनी गटारावर सिमेंटचा उतार केला होता, खाली पाईप न टाकता. मान खाली घालावी लागली. तेव्हा आधी स्वतःचं दार तपासा.

अर्ज द्यायचा कुणाला? राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा, प्रधानमंत्री ग्रामसडकचा नारिंगी. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकामकडे. शंका असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. ग्रामसडकचा रस्ता असेल तर ठेकेदाराकडे 5 वर्षं देखभाल असते. ती संपली का ते कळायला कामाच्या फलकावरच्या तारखेचा फोटो काढा.

प्रती दोन न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब आले की देते' असं मीही म्हणायचे. तो कागद कुठे जातो ते मला ठाऊक आहे.

महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकार: 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत 30 दिवस. 'काम का केलं नाही' विचारू नका, ती माहिती नव्हे. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं तिच्यात असतात) प्रती मागा. अंदाजपत्रकात गटार असेल आणि जागेवर नसेल, तर पुढचं बोलणं सोपं होतं.

'पाणी उताराकडेच जाणार' हे उत्तर मिळेलच. वरच्या जमिनीचं पाणी नैसर्गिकपणे खाली येऊ द्यावं लागतं, हे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. पण तिथे शब्द 'नैसर्गिकपणे' आहे. डांबराचे थर चढवून, कल देऊन एका जागी गोळा केलेलं पाणी त्यात कसं बसतं, ते लेखी कळवा म्हणावं.

रागाच्या भरात रस्ता फोडू नका, बांध घालून पाणी शेजाऱ्याकडे ढकलू नका. जुलैत अर्ज दिलात तर 'पाऊस संपू दे' ऐकाल. म्हणून त्यात दोन मागण्या ठेवा. आत्ता साईडपट्टीत चर, आणि आगोटीआधी, म्हणजे पुढचा पावसाळा लागण्याआधी, मोरी साफ करून पक्कं गटार. आम्हाला चर नवव्या दिवशी मिळाला. मोरी मे महिन्यात उपसली, गटार मात्र गडग्यापर्यंतच आलंय. पुढच्या तुकड्यासाठीचा अर्ज कालच दिला.