प्युरिटनांच्या श्रद्धेबद्दल लिहिताना या चुका टाळा

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा मागणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती; त्यांच्यातले बरेच सतराव्या शतकात अमेरिकेत जाऊन वसले. श्रद्धा होती म्हणून त्यांना दुःख सोसणं सोपं गेलं, असं सर्रास लिहिलं जातं. आधी टाळायची ती हीच चूक. कोणाचं तारण होणार, म्हणजे कोणाच्या आत्म्याला मुक्ती मिळणार, हे देवाने ठरवून ठेवलंय, पण त्यात आपण आहोत का याची खात्री कुणालाच नाही, असं मानणारी ही माणसं. घरातलं मूल गेलं की शोकाबरोबर प्रश्न उभा राही: देव आपल्याला कशाची शिक्षा करतोय? पण ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो, हेही बायबलमध्येच होतं. आपल्यावर आलेलं संकट निरर्थक नाही, एवढाच आधार. पण तो त्यांना पुरला.

दुसरी चूक अर्धीच कविता वाचण्याची. प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट १६३० मध्ये ‘आर्बेला’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सला आली. १० जुलै १६६६ च्या रात्री तिचं घर जळालं. त्यावरच्या कवितेत ती म्हणते, देवाचंच होतं, त्याने नेलं. बरेच लेख इथेच थांबतात. ती मात्र थांबत नाही. येता-जाता तिची नजर राखेकडे वळते. इथे ट्रंक होती, तिथे पेटी. आता या छपराखाली पाहुणा बसणार नाही, या मेजावर कुणी जेवणार नाही. मग ती स्वतःच्याच मनाला रागावते. वर्षभरापूर्वी दीड वर्षांची नात एलिझाबेथ गेली, तेव्हाही तिने लिहिलं: झाडं वाढून कुजतात, फळं पिकून गळतात, पण नुकतं लावलेलं रोप उपटलं जावं, ही करणी फक्त देवाच्या हाताची. ही शरणागती आहेच, पण मला त्यात गाऱ्हाणंही ऐकू येतं. देव आहे हे कशावरून, ही शंका आपल्याला कितीदा छळून गेली, हे तिने मुलांसाठी लिहिलेल्या पत्रात उघड सांगितलंय. तिची श्रद्धा या शंकेसकट टिकली.

श्रद्धा एकेकट्याची होती असंही समजू नका. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला आलेल्या प्युरिटनांच्या तुकडीतली सुमारे दोनशे माणसं पहिल्या काही महिन्यांतच दगावली. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपचा मुलगा हेन्री तर पोहोचल्यावर लगेच बुडून मेला. धान्य संपत आलं तेव्हा सगळ्या वसाहतीने उपासाचा दिवस नेमला होता. तेवढ्यात फेब्रुवारी १६३१ मध्ये ‘लायन’ जहाज धान्य घेऊन आलं आणि उपासाऐवजी उपकारस्तुतीचा दिवस पाळला गेला. भूक असो वा सुटका, दोन्ही वेळी मंडळी एकत्र बसत असे.

१६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला आलेले धर्मनिष्ठ लोक वेगळे, ते इंग्लंडच्या चर्चपासून पूर्ण फुटलेले होते. त्यांची आणि १६३० च्या प्युरिटनांची सरमिसळ करू नका.

शेवटची चूक सगळ्यात गंभीर आहे. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी १६१६ ते १६१९ च्या साथीत मोठ्या संख्येने मेले होते. पुढे देवीची साथ आली, तेव्हा १६३४ मध्ये विन्थ्रॉपने लिहिलं की आपल्या जमिनीवरचा आपला हक्क प्रभूनेच मोकळा करून दिला. स्वतःच्या मरणात देवाचा हात शोधणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या मरणातही तो शोधला. श्रद्धेच्या आधाराबद्दल लिहाल तेव्हा विन्थ्रॉपचं हे वाक्य गाळू नका.