कारखान्यात कॉर्डलेस फोन बसवताय? आधी हे बघा

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या कॅनिंगच्या कारखान्यात ईपीएबीएक्सला (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारा डबा) वायरलेस हँडसेट जोडले आणि पहिल्याच वळवाला तोंडावर आपटलो. यंदा दुसऱ्या शेडला लावायचेत म्हणून लिहून ठेवतोय.

हँडसेट किती आणि कोणाकोणाला, ते मोजा, सांगायला नको. पण एका बेसवर (हँडसेटना सिग्नल देणारा, भिंतीवरचा डबा) किती हँडसेट रजिस्टर होतात हा आकडा वेगळा आणि एकावेळी किती जण बोलू शकतात हा वेगळा. विकणारा मोठा आकडा सांगतो, तुम्ही दुसरा विचारा. सीझनला आंब्याच्या गाड्या लागल्या की सगळ्यांना एकदमच बोलायचं असतं.

बेसला यूपीएस. हे आत्ताच लिहा, शेवटी लिहिलं की राहतं.

रेंज: डेक्टचं (या कॉर्डलेस फोनचं वायरलेस तंत्र) आत साधारण ५० मीटर, उघड्यावर ३०० मीटर असं सांगतात, पण ते जांभ्याच्या जाड भिंती न बघता. कोल्डरूमचे पॅनल पत्र्याचे, आत गेलं की आवाज गायबच. टेस्टिंगला एकाने बोलत बोलत सगळीकडे फिरायचं, पल्परूम, बॉयलर, मागे गडग्यापर्यंत, आणि कोल्डरूममध्ये दार बंद करून. आम्ही दार उघडं ठेवून केलं नि "रेंज मस्त आहे" म्हणून मोकळे झालो. दोन बेसची रेंज एकमेकांत थोडी शिरली पाहिजे, नाहीतर चालता चालता कॉल तुटतो.

आता परत यूपीएस, कारण इथेच माती खाल्ली. हँडसेटमध्ये बॅटरी आहे म्हणजे लाईट गेली तरी फोन चालणार असं डोक्यात बसलेलं, जुना वायरचा लँडलाईन चालायचाच ना! पण त्याला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे. इथे बेस मेला की हातातला हँडसेट नुसतं सर्च करत बसतो. वळवात लाईट गेली, सगळ्या हँडसेटची बॅटरी फुल्ल, आणि बाहेर उभ्या ट्रकवाल्याला आत निरोप द्यायला मी भिजत पळतोय. नुसत्या बेसला बॅकअप देऊनही भागत नाही, बेसला नेटवर्कच्या केबलमधूनच करंट देणारा पीओई स्विच, ईपीएबीएक्स, फायबरचा डबा, सगळी साखळी यूपीएसवर हवी, एक कडी राहिली तरी बाहेरचा कॉल नाही. इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर यूपीएस मोडला ठेवा, नाहीतर मध्ये क्षणभर करंट तुटतो, बेस रीस्टार्ट होतो, आणि तो परत उठेपर्यंत समोरचा फोन ठेवून देतो.

फीचर्समध्ये ट्रान्सफर, होल्ड, इंटरकॉम सगळ्यांना असतात. पल्परूमला पाणी-धूळ झेलणारा आयपी६५ वाला घ्या आणि व्हायब्रेट बघा, मशीनच्या आवाजात रिंग कोण ऐकतंय? इमर्जन्सी बटण असेल तर बॉयलरवाल्याला तोच द्या.

सेल बहुतेक रिचार्जेबल असतात, बदलताना साधे टाकून चार्जरवर ठेवू नका. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पट्ट्या हिरव्या होतात, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. बेसचा पिन ०००० असेल तर तो बदला. एक्स्टेन्शनची यादी चिकटवा.

आणि बसवणारा जायच्या आधी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा आणि चालू कॉलवर दोन मिनिटं बोलत राहा. तुटला तर बिल देऊ नका.