लेबल नसलेला कॅन आणि कपाटातली फाइल: या चुका टाळा

कंपनीतून आलेल्या रसायनाच्या ड्रमवर लेबल असतंच. घोळ होतो तो त्यातून ओतून घेतलेल्या कॅनमध्ये.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ईटीपीजवळ (सांडपाणी प्रक्रिया केंद्राजवळ) दोन निळे कॅन शेजारी शेजारी असायचे. एकात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), दुसऱ्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड. मार्करने लिहिलेली नावं ओघळांनी कधीच पुसलेली. जुना ऑपरेटर म्हणायचा, "वासावरून कळतं की." तो रजेवर गेला आणि ठेकेदाराच्या नव्या पोराने हायपोच्या टाकीत ॲसिड ओतलं. क्लोरीन सुटला. पोरगं खोकत बाहेर पळालं म्हणून वाचलं. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. पंपाच्या खड्ड्यात कुणी असतं तर कठीण होतं. नंतरच्या मीटिंगमध्ये तासभर एकच चर्चा: कुणी ओतलं? लेबल का नव्हतं, हे विचारायला कुणी तयार नाही. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक भांड्यावर लेबल लावून घेणं कारखानदाराचं काम आहे, त्या पोराचं नव्हे.

माझ्याकडे टॅग आधी, ओतणं नंतर. छापील प्लास्टिकचा टॅग, केबल टायने बांधलेला. तार ॲसिडच्या वाफेने गंजते. दोन्ही कॅन वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या खोलीत. "पाच मिनिटांचं काम आहे, साहेब" म्हणणाऱ्याला मी कॅनला हात लावू देत नाही.

एमएसडीएसची, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकांची, फाइल मॅनेजरच्या कपाटात, किल्ली मॅनेजरच्या खिशात. रात्रपाळीला काय करायचं? शिवाय ऑडिटच्या आदल्या दिवशी नेटवरून उतरवलेली शीट भलत्याच उत्पादकाची, भलत्याच तीव्रतेची निघते. पुरवठादाराकडूनच मागा. सोळा भागांच्या शीटमधला चौथा भाग प्रथमोपचाराचा, आठवा हातमोजे-मास्कचा. एवढं तरी मराठी-हिंदीत करून कामाच्या जागी लावा.

ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सह्या घेतल्या म्हणजे माहिती दिली, असं होत नाही. मी शिफ्टमधल्या सगळ्यात नव्या माणसाला गाठतो: यात काय आहे? डोळ्यात उडालं तर काय करशील? तो सुपरवायझरकडे बघायला लागला की रजिस्टर बघायची गरज उरत नाही.

ठेकेदाराची माणसं "आपली नाहीत" म्हणून वगळू नका. टाक्या धुवायला तीच उतरतात.

पाण्याच्या बाटलीत थिनर: बंद म्हणजे बंद.

आणि रिकाम्या ड्रमचं लेबल धुण्याआधी खरवडू नका. आत पेट घेणारी वाफ असू शकते. असाच ड्रम कापायला गॅसकटर लावणारे आजही भेटतात.